पुडा राहू द्या, संडासाची किल्ली द्या



या पत्रकात आजवर आपण सातबारा, वनहक्काचे दावे, गायरानाच्या नोटिसा, गार्डाची दादागिरी, रेशन, जातीचे दाखले यांवर लिहिलं. पाळीवर एक ओळ लिहिली नाही. या वेळी लिहितोय. स्टेन्सिल कापणारा आमचा साथी 'पाळी' या शब्दापाशी थांबला आणि म्हणाला, "हे असंच छापायचं काय?" असंच छापायचं. वस्तीवर वाचून दाखवणाऱ्यानंही असंच वाचावं, या पानावर आल्यावर आवाज बारीक करू नये. ज्या बाप्याला लाज वाटते त्यानं खाली बघत ऐकावं, पण उठून जाऊ नये.

गोष्ट कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका शाळेची आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर एखाद्या मास्तराची बदली होईल आणि संडास आहे तसाच राहील. गायरानाच्या कडेला आपल्या फासेपारध्यांची नऊ पालं आहेत, तिथल्या पाच पोरी त्या शाळेत जातात. मागचा हिवाळा सरता सरता तिथं शहरातून दोन गाड्या आल्या. बॅनर उतरला, खोकी उतरली, फोटोवाला उतरला. पोरांना ग्राउंडवर पिटाळलं. सहावीपासून वरच्या पोरींना व्हरांड्यात ओळीनं उभं केलं. आलेल्यांतल्या एक बाई चांगलं बोलल्या, ते आम्ही नाकारत नाही. पाळी म्हणजे रोग नाही, घाण नाही, असं त्यांनी सांगितलं. मग एकेकीच्या हातात पॅडचा एकेक पुडा दिला, पुडा छातीशी धरायला सांगितला आणि हसायला सांगितलं. फोटो निघाला. गाड्या गेल्या.

त्या ओळीत सातवीतली आमची एक पोरगी होती. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावातल्या निम्म्या मोबाइलवर फिरला. आठवड्याच्या बाजारात दोन टारगट पोरांनी तिला 'पुडेवाली' म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. आठ पॅड आले आणि शाळा गेली, असा हा व्यवहार झाला.

आमच्यातल्या दोघी तिच्या पालावर गेल्या. आई बेदाणा शेडवर कामाला गेलेली, पोरगी शेळ्या राखत होती. बराच वेळ काही बोलली नाही. काडीनं माती उकरत बसली. मग म्हणाली, "पुडा बदलायचा कुठं? संडासाला कुलूप हाय." आणि जरा वेळानं, "पुडा राहू द्या म्हणावं त्यास्नी. किल्ली द्या."

आम्ही शाळेत जाऊन बघितलं. संडास दोन आहेत. एकावर 'मुली' असं लिहिलंय, भिंतीवर हात धुणाऱ्या पोरीचं रंगीत चित्र आहे, आणि कडीला कुलूप आहे. किल्ली हेडसरांच्या टेबलाच्या खणात. कुलूप का? तर पाणी नाही, पाणी नसताना वापरलं की घाण होते, आणि तपासणीला साहेब आले की घाण दिसायला नको. पत्र्यावर काळी टाकी चढवलेली आहे, आत पाल मेलेली. बोअरची मोटर दोन वर्षांपूर्वी जळली. पोरी लघवीला शाळेमागच्या वेड्या बाभळीत जातात, दोघी आत आणि एक पहाऱ्याला. पाळी आली की घरी बसतात. हेडसर वाईट माणूस नाही. त्यांनी स्वतःच्या खिशातून एकदा मोटर दुरुस्त केली होती, ती परत जळली. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी पंचायतीत जाऊन भांडू की पोरांना शिकवू?" आम्ही सांगितलं, भांडायचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त किल्ली खणातून बाहेर काढा.

आता जरा हिशोब करू. हिशोब आपल्याला येतो, मुकादमानं शिकवलाय. एका पाळीत चार-पाच दिवस धरा, दिवसाला तीन-चार पॅड लागतात. म्हणजे बारा ते वीस. पुड्यात आठ. वर्षात बारा-तेरा पाळ्या. गाड्या आल्या वर्षातून एकदा. म्हणजे एका पाळीची अर्धी सोय झाली आणि फोटो मात्र वर्षभर चालणार. पुढच्या वर्षीच्या अहवालात तोच फोटो असणार. आमची पोरगी त्या अहवालात हसताना दिसेल आणि त्या दिवशी ती शेळ्यांमागं असेल.

म्हणून आम्ही दान नको म्हणतोय असं कुणी समजू नका. भुकेल्या घरी कुणी पीठ आणून दिलं तर आपण परत करत नाही. पॅडही घ्या. पण दान देणाऱ्याला चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हे पुढच्या महिन्यात कोण देणार? वापरलेलं टाकायचं कुठं? धुवायला पाणी आहे का, हे येण्याआधी बघितलं होतं का? आणि फोटो कशाला? देणाऱ्याचा हेतू चांगला असेल तर या प्रश्नांनी त्याला राग येणार नाही. राग आला तर काय ते समजून घ्या.

पत्रकांत नेहमी एक वाक्य असतं, की पाळीमुळं खेड्यातल्या पोरी शाळा सोडतात. ऐकायला ते सोपं वाटतं, कारण मग पुडा दिला की प्रश्न मिटला. आम्ही आमच्या वस्त्यांवरच्या शाळा सुटलेल्या पोरींची यादी काढली, नावं इथं देत नाही. एकीला जातीचा दाखला मिळाला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, हॉस्टेल नाही. एकीच्या धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, आईबाप कारखान्याच्या टोळीत. दोघींची लग्नं लावली, सोळा वर्षांच्या आत. एक शेडवर बेदाणा निवडायला गेली, कारण हंगामात घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. पाळी या सगळ्यांत आहे, पण ती शेवटचा धक्का देते. आधी ओझं इतकं असतं की काडीनंही पाठ मोडते. शहाणी झाली, आता शाळेच्या वाटेवर काय होईल सांगता येत नाही, असं आई म्हणते आणि नाव काढते. त्या वाटेवर दिवा नाही, एसटी नाही, शाळेत दाराला कडी नाही. आई वेडी नाही.

सरकारचं बघा. सरकार याला दान म्हणत नाही, योजना म्हणतं. 1992 साली पहिली ते चौथीच्या आदिवासी, दलित, भटक्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या पोरींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. ज्या बाईनं तेव्हा तो रुपया घेतला तिची पोरगी आता शाळेतून बाहेर पडली, भत्ता मात्र एक रुपयाच राहिला. तेवढ्यात आज चॉकलेटही धड येत नाही. 2011 पासून केंद्राची योजना आली, आशाताईंनी सहा पॅडचा पुडा सहा रुपयांना विकायचा आणि पुड्यामागं एक रुपया स्वतःला घ्यायचा. मग 8 मार्च 2018 ला राज्याची अस्मिता योजना आली. झेडपी शाळेतल्या पोरीला आठ पॅडचा पुडा पाच रुपयांत, त्यासाठी अस्मिता कार्ड. आज आमच्या पालांवर एकाही पोरीकडं ते कार्ड नाही. त्याच काळात सरकार पॅडवर 12 टक्के जीएसटी घेत होतं. देशभर बाया ओरडल्या तेव्हा जुलै 2018 मध्ये तो काढला. पाच रुपयांत देणारंही तेच आणि कर लावणारंही तेच.

आणि हक्काचं काय? मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय, शाळेत मुलामुलींचे वेगळे संडास आणि पुरेसं, चांगलं पिण्याचं पाणी पाहिजे. शाळांना तीन वर्षांची मुदत होती. ऑक्टोबर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं बजावलं, सहा महिन्यांत शाळांत संडास आणि पाणी करा. 15 ऑगस्ट 2014 ला लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं, वर्षात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळा संडास. आपल्या तालुक्याला तर स्वच्छतेचं पाठ कुणी पढवायला नको. 2000-01 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान काढलं, गावोगाव हातात खराटे आले, आणि तेच आर. आर. आबा पुढं तासगाव-कवठे महांकाळचे आमदार झाले. इतके कायदे, इतके कोर्ट, इतकी भाषणं. आणि किल्ली अजून खणात.

खरी गंमत 2023 ची. सप्टेंबरात शासन निर्णय निघाला, 'दत्तक शाळा योजना'. कंपनीनं, ट्रस्टनं, धनवंतानं सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची आणि शाळेला हवं ते द्यायचं. गावाकडच्या शाळेसाठी पाच वर्षांचे 50 लाख आणि दहा वर्षांचे एक कोटी इतक्या किमतीचं दिलं तर शाळेच्या नावाला त्याचं नाव जोडता येतं. दत्तक कुणाला देतात? ज्याचे आईबाप मेले किंवा ज्याला पोसायची आईबापाची ताकद नाही, त्याला. शाळेचा बाप म्हणजे सरकार. सरकार जिवंत आहे, कर गोळा करतंय, महामार्ग बांधतंय. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला तेव्हा कुणी म्हणालं नाही की याला दत्तक घ्या. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा जागा मिळाली. रांजणीच्या मेंढीपालन केंद्राच्या जमिनीवर ड्रायपोर्ट करायची चर्चा कितीदा झाली. म्हैसाळचं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आपल्या दुष्काळी माळावर आलं, द्राक्षाच्या बागा हिरव्या झाल्या. चांगलंच झालं, त्या बागांत आमचे हात राबतात. पण बागेला पाणी पोचतं त्या गावात पोरीच्या संडासाला दोन बादल्या पोचत नाहीत, तिथं दाता पाहिजे म्हणतात.

आता काही साथी विचारतील, जमिनीच्या चळवळीच्या पत्रकात हे कशाला? तर ऐका, हा जमिनीचाच प्रश्न आहे.

पुडा ठेवायला घर लागतं. पालात फळी नाही, कपाट नाही, पावसात सगळं भिजतं. पॅड मिळत नाही तेव्हा कापड वापरायचं. सुती कापड साबणानं धुतलं आणि कडक उन्हात वाळवलं तर ते वाईट नाही, आपल्या आज्या तेच वापरायच्या. पण वाळत घालायला दोरी लागते आणि दोरी बांधायला जागा लागते, जिथं येणारा-जाणारा बघणार नाही. गायरानातल्या पालाला आडोसा कुठला? मग पोरी ओलं कापड लुगड्याखाली नाहीतर पत्र्याच्या मागं अंधारात वाळवतात, अर्धओलं परत घेतात आणि खाज, जखमा, जंतू अंगावर काढतात. न्हाणी बांधली तर अतिक्रमण म्हणतात. 2022 च्या शेवटी गायरानावरच्या घरांना नोटिसा आल्या तेव्हा आपल्या पालांवरही चिकटवल्या. 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची गायरानातली कसणूक कायम करायची होती. त्याचे पुरावे दिले तर तलाठी म्हणतो, तुम्ही तर फिरस्ते. फिरस्ते आम्हाला कुणी केलं? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं. तो 1952 साली गेला, पण पोलीस पाटलाच्या डोळ्यातून गेला नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. तेव्हा आमचे आजे कुठल्या शाळेत होते? त्यांची हजेरी पोलीस ठाण्यात लागायची. तीच वही शोधून आणा आणि त्यावर आमच्या पोरीला दाखला द्या.

आणि ऑफिसात गेलं की ठरलेलं वाक्य, "सांगलीत आदिवासी कुठं आहेत?" सांगली जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, पेसा इथं नाही, हे खरं. पण 2006 चा वनहक्क कायदा पेसावर अवलंबून नाही, तो जिथं जंगल आणि जंगलावर जगणारा माणूस आहे तिथं लागू आहे. त्यातलं कलम 3(2) आपल्यातल्या थोड्यांनीच वाचलंय. आपण दाव्यांचं, कसणुकीचं वाचतो आणि पुढं जातो. त्या कलमात म्हटलंय, वनजमिनीवर शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, पाण्याच्या टाक्या अशा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ठराव रेंज ऑफिसरकडं, तिथून डीएफओकडं. दंडोबाच्या डोंगराकडेच्या वाड्या असोत, शिराळ्याकडच्या किंवा पाटण-जावळीच्या रानातल्या असोत, गार्ड म्हणतो की फॉरेस्टच्या हद्दीतून पाइप नेता येत नाही. येतो. त्याला कलम दाखवा. पाइप शाळेपर्यंत आला तर टाकी भरेल, टाकी भरली तर कुलूप निघेल.

थांबा, आता आपल्या घरात येऊ. सगळा राग सरकारवर आणि पुडेवाल्यांवर काढून आम्ही सुटणार नाही.

आपल्या पारध्यांत बाईच्या लुगड्याचाही विटाळ मानतात. पाळीच्या बाईनं देवीच्या गाठोड्याकडं बघायचं नाही, चुलीला हात लावायचा नाही, लांब बसायचं. थंडीत, पावसात, कुत्र्यांच्यात. शाळेतल्या बाई सांगतात घाण नाही आणि घरी आल्यावर आजी सांगते तिकडं सर. पोरीनं कुणाचं खरं मानायचं? आम्ही वस्तीवर ही चर्चा काढली तेव्हा मोर्चात सगळ्यात पुढं चालणारे आमचेच दोन ज्येष्ठ साथी म्हणाले, हा बायांचा विषय, बायांनी बघावा. जमिनीच्या लढाईत बाया पुढं पाहिजेत, लाठी आली तर बाया पुढं, आणि विटाळ आला की बाया बाहेर. हे आम्ही त्यांना तोंडावर बोललो, इथंही लिहितोय.

गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत गावाबाहेर कुर्मा घर असतं, पाळीच्या बायांनी तिथं राहायचं. मोडकं छप्पर, दार नाही, साप-विंचू. मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशन या संस्थेनं तिथं नव्या पक्क्या खोल्या बांधायला घेतल्या, पलंग, संडास, पाणी असलेल्या. 2021 साली त्याची बरीच चर्चा झाली. काहींनी विचारलं, जी रीत मोडायची तिलाच पक्की भिंत कशाला? आमच्यात यावर भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. एक साथी म्हणतो, साप चावून मरण्यापेक्षा पलंगावर झोपली तर बरं. दुसरी म्हणते, चांगली कोठडी झाली तरी कोठडीच. आम्हाला दुसरीचं पटतं, पण पहिल्याला खोटं म्हणवत नाही. तिथं रात्र काढणाऱ्या बाईनं काय ते सांगावं.

आणि हे फक्त अडाणी माणसांत आहे असं शिकलेल्यांनी म्हणू नये. जुलै 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका कन्या आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलीनं तक्रार केली की पाळी आहे म्हणून शिक्षकानं तिला झाड लावू दिलं नाही, लावलं तर झाड मरेल म्हणाला. आदिवासी पोरीला झाड लावू दिलं नाही! जंगल कुणी राखलं इतकी वर्षं? आणि जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका खाजगी शाळेत संडासात रक्ताचे डाग दिसले म्हणून कुणाची पाळी आहे हे बघायला मुलींचे कपडे उतरवून तपासलं, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या शाळेत संडास होता, पाणीही असेल. लाजेचं काय करायचं ते पुड्यावर छापलेलं नसतं.

बीडचंही आठवा. ऊस तोडायला आपल्या भागात येणाऱ्या टोळ्यांत बीडच्या बाया असतात, जतच्या असतात, आपल्याही असतात. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडला तर दंड बसतो, म्हणून तरण्या बाया गर्भपिशवी काढून टाकत होत्या. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचं जून 2019 मध्ये सरकारनंच विधान परिषदेत सांगितलं. सातवीतल्या पोरीला शाळेत कडीचं दार मिळालं नाही तर ती ज्या फडात जाते तो फड हा आहे. पुढं ती पिशवीच काढून मोकळी होते, वयाच्या पंचविशीत.

दान काय असतं हे आपल्या सातारा-सांगलीला ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह चालवलं. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. गावोगावच्या बायांनी मूठमूठ धान्य घातलं. कुणी पोरांना ओळीत उभं करून फोटो काढला नाही, आणि पोरांना फुकटचं खातोय असं वाटू नये म्हणून 'कमवा आणि शिका'. आम्हाला एवढंच म्हणायचंय की मूठ देणारी बाई त्या पोरांना ओळखत होती. पुढच्या वेळी ती परत येणार होती.

म्हणून त्या शाळेत आम्ही काय केलं ते लिहितो, फार मोठं नाही. पाच पोरींच्या आयांना घेऊन हेडसरांकडं गेलो. किल्ली खणातून काढून पोरींच्या वर्गात खिळ्याला अडकवली. आठवड्याला एका पोरीकडं तिची जबाबदारी. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बाया असायला लागतात, हे कायद्यात आहे. आमच्या पालातली एकही बाई त्यात नव्हती, आता एक आहे. तिला सही येत नाही, अंगठा देते, पण टाकी रिकामी असली की पहिली तीच बोलते. मोटरीसाठी पंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक म्हणाला निधी नाही. आम्ही विचारलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे बंधन आहे, ते कुठं गेले? स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाचे कुठं गेले? तो म्हणाला, बघतो. दीड महिना बघत होता. मोटर अजून बसलेली नाही. तोवर दोन आया रोज एकेक घागर टाकतात, हे त्यांचं काम नाही तरी टाकतात.

पोरगी शाळेत परत आली. सगळे दिवस येत नाही. ज्या दिवशी किल्ली तिच्याकडं असते त्या आठवड्यात खाडा नसतो.

पुडेवाले या वर्षी परत येणार आहेत. त्यांना आम्ही पत्र लिहिलंय, येताना मोटर आणा, फोटोवाला आणू नका. पॅड आणायचेच असतील तर शाळेतल्या बाईंकडं वर्षभराचा साठा ठेवा, जिला लागेल ती मागून घेईल, नाव लिहायचं नाही. पोरांनाही त्या तासाला बसवा, ग्राउंडवर पिटाळू नका. बाजारात हाक मारणारे तेच होते. उत्तर आलेलं नाही, आलं की छापू.

आता सगळ्या वस्त्यांना काम. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, ग्रामसेवक ती कागदावर उरकतो. या वेळी दहा तरी बायांनी जाऊन बसा आणि वहीत खरोखर काय लिहिलं ते वाचून घ्या. जाण्याआधी आपल्या शाळेत जाऊन चार गोष्टी बघा: कडी आतून लागते का, पाणी आहे का, वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा आहे का, किल्ली कुणाकडं आहे. सोमवारची निळी गोळी पोरींना मिळते का तेही विचारा, आणि पोटात काही नसताना देऊ नका म्हणावं, पोरी ओकतात आणि मग गोळ्या बाभळीत टाकतात. शाळेपर्यंत पाणी आणायला फॉरेस्टची हद्द आडवी येत असेल तर कलम 3(2) चा ठराव घाला. ठरावाचा मसुदा या कागदाच्या मागच्या बाजूला दिलाय. गावाचं नाव, शाळेचं नाव आणि गट नंबर भरायची जागा मोकळी सोडली आहे. शाई पसरली असेल तर अक्षरं हातानं गिरवून घ्या, पण कागद तोच लावा.